डेक लाकडाचा, परीक्षा वाऱ्याची

टेक्सासच्या वायव्य भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीच्या सपाट पठारावर लबक आणि अमारिलो ही शहरे आहेत. ना डोंगर, ना दाट झाडी; वाऱ्याला अडवायला काहीच नाही. ११ मे १९७० रोजी लबकमध्ये टोर्नेडोने २६ जणांचा बळी घेतला. त्या पडझडीचा अभ्यास टेट्सुया फुजिता यांनी केला आणि पुढे याच शहरातल्या टेक्सास टेक विद्यापीठात वाऱ्याच्या संशोधनाची परंपरा उभी राहिली. पण इथल्या घरमालकाची रोजची गाठ टोर्नेडोशी नसते, ती असते कोरड्या, सततच्या वाऱ्याशी. जूनमध्ये पारा सहज ३५ अंशांच्या वर जातो, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते आणि वर्षभरात पाऊस जेमतेम ४५ ते ५० सेंटीमीटर पडतो.

अशा हवेतही घरामागे लाकडी डेक हवाच, अशी हौस असते. डेक म्हणजे जमिनीपासून थोडा उंच, फळ्याफळ्यांत फटी ठेवलेला उघडा ओटा. त्यासाठी सीडर हे आवडते लाकूड. दिसायला तांबूस, वासाला गोड, वजनाला हलके. मात्र हे सीडर म्हणजे आपला देवदार नव्हे. हिमालयातला देवदार हा खरा सीडर. अमेरिकेत ‘वेस्टर्न रेड सीडर’ नावाने विकले जाणारे झाड (थुजा प्लिकाटा) सायप्रसच्या कुळातले आहे. ते वाढते पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन आणि ओरेगनमधल्या पावसाळी जंगलांत. म्हणजे बारमाही ओलाव्यात वाढलेले लाकूड टेक्सासच्या भट्टीत आणून ठेवायचे. डेकच्या बऱ्याचशा तक्रारींचे मूळ इथेच आहे.

लाकूड उन्हाने आकसते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते आकसते ते पाणी गमावल्यामुळे. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी हवेतल्या ओलाव्याशी सतत देवाणघेवाण करत असते. हवा ३२ अंश तापमानाची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर लाकडातला ओलावा हळूहळू १५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की तो चार-साडेचार टक्क्यांपर्यंत घसरतो. १४० मिलिमीटर रुंदीची फळी १८ टक्के ओलाव्याची असताना ठोकली आणि उन्हाळ्यात ती ६ टक्क्यांवर आली, तर तिची रुंदी सुमारे ४ मिलिमीटरने घटते. सगळ्याच फळ्यांची नाही, आणि हे ‘सगळ्याच नाही’ महत्त्वाचे आहे. फळीच्या टोकाकडे पाहिले की झाडाची वार्षिक वलये दिसतात. ती रुंद, आडव्या कमानींसारखी असतील तर ४ मिलिमीटर. उभ्या रेघांसारखी असतील तर जेमतेम २. वखारीत उभ्या रेघांची फळी महाग मिळते. पण कोरड्या, वाऱ्याच्या प्रदेशात तिच्यावर घातलेला पैसा वाया जात नाही.

यात वारा कुठे येतो? लाकडाच्या पृष्ठभागालगत दमट हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सतत ओढून नेतो, त्यामुळे वरचा भाग झपाट्याने वाळतो. फळीची खालची बाजू सावलीत, जमिनीच्या ओलाव्याजवळ असते. ती मागे राहते. वरचा भाग आकसला, खालचा नाही, की फळीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि ती पन्हळीसारखी वाकते. पन्हळीत पुढच्या वादळी पावसाचे पाणी साचते. फळीच्या टोकांची स्थिती आणखी बिकट. तिथे झाडाच्या नलिका कापल्या गेलेल्या असतात, म्हणून टोकातून पाणी बाजूंपेक्षा दहा ते पंधरा पट वेगाने निघून जाते आणि भेगा तिथूनच सुरू होतात.

म्हणून अनुभवी सुतार लाकूड आल्या दिवशी ठोकत नाही. दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, वर वजन ठेवून, सावलीत आणि थेट वाऱ्याच्या आडोशाला तो फळ्या दोन-तीन आठवडे इथल्या हवेला सरावू देतो. कापलेल्या प्रत्येक टोकाला लगेच मेणाचा लेप लावतो. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र असते. फळी वाळली असल्याची खात्री झाली, की मगच चार-पाच मिलिमीटरची फट ठेवून ती बसवतो. ओलसर फळी बसवायचीच वेळ आली, तर फट नावापुरती, कारण ती पुढे आपोआप रुंदावणार. खालच्या वाशांतले अंतर ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, आणि ओट्याखालून हवा खेळली पाहिजे. खिळे नकोत. फळी हलत राहते आणि खिळा हळूहळू वर येतो. स्क्रू वापरावेत, तेही स्टेनलेस स्टीलचे, कारण सीडरमधली रसायने साध्या लोखंडाशी संयोग पावून लाकडावर काळे ओघळ पाडतात.

सीडर टिकते तेही याच रसायनांमुळे. झाडाच्या गाभ्यातली ही द्रव्ये बुरशीला लाकूड कुजवू देत नाहीत. (बाहेरच्या पांढुरक्या भागाला हे संरक्षण नसते. अशी फळी स्वस्त पडली तरी नाकारावी.) पण त्यांपैकी एक, प्लिकॅटिक आम्ल, माणसाच्या फुप्फुसांशी वैर धरते. ब्रिटिश कोलंबियातल्या सॉ मिलमधील कामगारांना होणाऱ्या दम्याचा अभ्यास डॉ. मोइरा चॅन-युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून केला. सीडरच्या भुशात नेहमी काम करणाऱ्यांपैकी साधारण ५ टक्के लोकांना हा दमा जडतो. आधीपासून ॲलर्जी असलीच पाहिजे, असे नाही.

या दम्याची खोड अशी, की तो अनेकदा उशिरा येतो. दिवसभर करवत चालवताना काही होत नाही. संध्याकाळी किंवा रात्री खोकला सुटतो, छाती आवळते. माणूस दोष देतो रात्रीच्या गारव्याला, धुळीला, एसीला. काम सुरूच राहते आणि निदान लांबते. निदान जितके उशिरा, तितका आजार मुरलेला असतो: चॅन-युंग यांच्या गटाने पाहिलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा त्रास सीडरचे काम सोडल्यावरही पूर्णपणे गेला नव्हता. एका सुट्टीत घरचा डेक बांधणाऱ्याला हा धोका कमी. वर्षाला वीस डेक बांधणाऱ्या सुताराला तो खरा आहे. शिवाय कोणत्याही लाकडाचा भुसा ही साधी धूळ नव्हे. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले.

‘उघड्यावर काम, वारा भरपूर, भुसा उडून जातो’ हा युक्तिवाद इथे हमखास ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर शरीराच्या आडोशाला, म्हणजे नेमका छातीसमोर, हवेचा भोवरा तयार होतो आणि भुसा नाकातोंडाकडे ओढला जातो. वारा बाजूने येईल असे उभे राहणे बरे. घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावाच. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. घासकामाचा बारीक भुसा करवतीच्या भुशापेक्षा वाईट. तो झाडूने उडवू नये, व्हॅक्यूमने ओढून घ्यावा.

डेक तयार झाल्यावर प्रश्न येतो पायांचा. टेक्सासात डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत. उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या आईवडिलांना घरात अनवाणी वावरायची सवय असते, आणि मागचे दार उघडले की समोर डेक. भर दुपारी तो किती भाजेल, हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. ती वस्तू पायाला किती वेगाने उष्णता देते, त्यावर ठरते. समजा सीडर, प्लास्टिकमिश्रित फळी आणि काँक्रीट तिन्ही ६० अंशांपर्यंत तापले आहेत. ढोबळ गणित केले तर पाऊल टेकताच त्वचेचे तापमान सीडरवर ३७-३८ अंश, प्लास्टिकमिश्रित फळीवर ४३ आणि काँक्रीटवर ५० अंशांच्या जवळ जाते. हलक्या सीडरमध्ये हवेचे असंख्य बंद कप्पे असतात, त्यांची ही करामत. स्क्रूचे पोलादी डोके मात्र जवळजवळ पूर्ण ६० अंशांचा चटका देते. डोकी फळीत थोडी खोल बसवायची, ती यासाठीही.

त्वचा ५० अंशांवर राहिली, तर काही मिनिटांत भाजते. निरोगी माणूस त्याआधीच पाय उचलतो. मधुमेहामुळे पायांतली संवेदना गेलेल्याला ते कळत नाही. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये दर उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्याने भाजलेले रुग्ण दाखल होतात. सीडर त्यामानाने दयाळू, पण त्यावर गडद रंग चढवला की पृष्ठभाग अधिक तापतो. मधुमेह असलेल्याने डेकवर चप्पल घालावी, हे उत्तम.

वाऱ्याच्या प्रदेशात सीडरबद्दलचा सर्वांत गंभीर आक्षेप आगीचा आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी याच पठाराच्या उत्तर भागात भडकलेल्या ‘स्मोकहाउस क्रीक’ वणव्याने दहा लाखांहून अधिक एकर जमीन जाळली. टेक्सासच्या नोंदलेल्या इतिहासातला तो सर्वांत मोठा वणवा. अशा आगीत घरे बरेचदा ज्वालांनी नव्हे, तर वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. साउथ कॅरोलायनातल्या रिचबर्ग येथे विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने पूर्ण आकाराच्या घरांवर निखाऱ्यांचा वर्षाव करून हे दाखवून दिले आहे. निखारे साचतात तिथेच, जिथे एरवी पालापाचोळा साचतो: फळ्यांच्या फटीत, डेक आणि भिंत यांच्या कोपऱ्यात, ओट्याखाली. या भागात तर वाळून गोल झालेली काटेरी झुडपे वाऱ्यावर लोळत येतात आणि डेकखाली अडकून बसतात. त्याहून चांगले सरपण नाही.

इथे दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. लाकडाला फट आणि खालून वारा हवा. आगीपासून बचावाला दोन्ही नकोत. ओट्याची बाजू बारीक, ३ मिलिमीटर छिद्रांच्या धातूच्या जाळीने बंद केली तर हवा जाते आणि झुडपे बाहेर राहतात. भिंतीलगतचा पहिला दीड मीटर मात्र सीडरचा न करता दगडी फरशीचा करणे शहाणपणाचे. गवताळ माळाला लागून घर असेल तर यात तडजोड नको. डेक भिंतीला न जोडता स्वतःच्या खांबांवर उभा केला, तर भिंतीत पाणी मुरण्याची काळजीही मिटते. उघड्या माळावर वारा ओट्याखाली शिरून त्याला वर उचलू पाहतो, तेव्हा खांब आणि तुळया धातूच्या पट्ट्यांनी व बोल्टांनी जखडणे ओघाने आलेच.

राहिले तेल. चकचकीत पारदर्शक व्हार्निश या उन्हात पापुद्र्यांनी सुटते. मुरणारे, थोडा फिका रंग असलेले तेल बरे, कारण रंगाचे कण अतिनील किरण अडवतात. ते दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावे लागते. पण जवसाच्या तेलासारख्या, हवेने सुकणाऱ्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती स्वतःच उष्णता निर्माण करतात आणि ढिगाच्या पोटात ती साठून काडी न लावता आग लागू शकते. फडकी एकेक पसरून, वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगडाखाली दाबून वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.