अपोस्टिल की एम्बसीचा शिक्का? परदेशात जाण्याआधी सर्टिफिकेटचं नेमकं काय करायचं?

दुबईच्या कंपनीचं ऑफर लेटर येतं. त्यात एक ओळ असते : डिग्री अटेस्ट करून आणा. कुणीतरी सांगतं ‘अपोस्टिल कर’, एजंट पैसे घेतो, सर्टिफिकेटच्या मागे स्टिकर लागतो. आणि रुजू व्हायची तारीख तोंडावर आल्यावर कळतं, दुबईला अपोस्टिल चालतच नाही.

मूळ प्रश्न साधा आहे. पुण्याच्या विद्यापीठातली सही खरी की खोटी, हे पॅरिसच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला कसं कळणार? पूर्वी त्यासाठी सह्यांची रांगच लागायची : राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात. ही रांग कमी करायला ५ ऑक्टोबर १९६१ ला हेगमध्ये करार झाला. सदस्य देशांनी एकमेकांचं एकच प्रमाणपत्र मानायचं ठरवलं. तेच अपोस्टिल. भारतात ते १४ जुलै २००५ पासून लागू आहे.

म्हणून पहिला प्रश्न असतो, जायचं कुठे? अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया करारात आहेत. सौदी अरेबियात करार डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, कॅनडात जानेवारी २०२४ पासून. तेव्हा सात-आठ वर्षांपूर्वी सौदीला गेलेल्या चुलतभावाचा सल्ला आज जसाच्या तसा चालणार नाही. यूएई, कतार, कुवेत मात्र करारात नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो.

आणि देश करारात असला तरी खात्री नसते. जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतली होती, भारताने चीनच्या. हरकत असेल तिथे त्या दोन देशांपुरता करार लागू होत नाही. जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याने आधी जर्मन वकिलातीची वेबसाइट बघावी, मग एजंट.

भारतात अपोस्टिल देतं परराष्ट्र मंत्रालय, पण त्याआधी राज्याची सही हवी. डिग्रीसाठी शिक्षण विभाग, जन्म-विवाहाच्या दाखल्यासाठी गृह किंवा सामान्य प्रशासन विभाग. २०१२ पासून मंत्रालय खिडकीवर थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, एजन्सीचा आकार वेगळा. कुणी हजारांत आकडा सांगत असेल, तर त्यातलं सरकारी किती, हे बेधडक विचारावं.

सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच आहे. अपोस्टिल कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, आतला मजकूर बरोबर असल्याचं नाही. जन्मदाखल्यावर ‘सुनिता’ आणि पासपोर्टवर ‘सुनीता’ असेल, तर स्टिकर लावून ते जुळत नाही. ती दुरुस्ती आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीतच करावी लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो.

हौसेने लॅमिनेट करून ठेवलेलं सर्टिफिकेट ही आणखी एक अडचण. शिक्के आणि सह्या मूळ कागदावर लागतात, प्लास्टिकवर नाही. अशा वेळी विद्यापीठाकडे डुप्लिकेटसाठी अर्ज करायची वेळ येऊ शकते.