चंद्राभोवती फिरून आलेला पायलट विमानकंपनीच्या कर्जात कसा अडकला?

शिस्त असली की धंदा चालतोच, असं आपण नेहमी ऐकतो. आज अशा माणसाबद्दल बोलू, ज्याच्या शिस्तीबद्दल शंकाच नव्हती.

फ्रँक बोर्मन. १९५० साली वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि अमेरिकेच्या हवाई दलात फायटर पायलट झाले. १९६२ मध्ये नासाने त्यांना अंतराळवीर म्हणून निवडलं. डिसेंबर १९६८ मध्ये ते अपोलो ८ चे कमांडर होते. चंद्राभोवती फिरून आलेली पहिली तीन माणसं, त्यातले हे एक! १९७० मध्ये निवृत्त होऊन ते ईस्टर्न एअरलाइन्समध्ये गेले आणि १९७५ च्या अखेरीस तिथे सीईओ झाले.

सुरुवात जोरदार झाली. खर्चाला कात्री लावली, पगाराचा छोटासा भाग कंपनीच्या नफ्याशी जोडला, आणि तोट्यातली कंपनी नफ्यात आली.

आता त्यांचा एक सौदा बघा, मला तो फार आवडतो. युरोपातली एअरबस कंपनी तेव्हा नवी होती, अमेरिकेत तिला कोणी विचारत नव्हतं. बोर्मननी १९७७ मध्ये त्यांची चार ए-३०० विमानं सहा महिने चालवून बघायला घेतली, विकत नाही. रोजच्या फेऱ्यांत इंधन किती लागतं, बिघाड किती होतात, हे स्वतः तपासलं आणि मग १९७८ मध्ये २३ विमानांची ऑर्डर दिली. तुम्हाला मसाल्याचं पल्व्हरायझर घ्यायचंय ना? आधी दोन महिने दुसऱ्याच्या मशीनवर जॉबवर्क करून घ्या. ब्रोशरमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी तिथे कळतात.

मग चुकलं कुठे? मशीन चांगलं होतं, पण पैसे कर्जाचे होते. तोपर्यंत अमेरिकेत मार्ग आणि तिकिटाचे दर सरकारी मंडळ ठरवायचं. ऑक्टोबर १९७८ मध्ये नवा कायदा आला आणि बाजार खुला झाला. स्वस्त तिकिटं विकणाऱ्या नव्या कंपन्या आल्या. त्यातच १९८० च्या सुमारास तिथले व्याजदर २० टक्क्यांपर्यंत चढले. भाडं उतरलं, हप्ता मात्र उतरला नाही.

समजा तुमचा महिन्याचा हप्ता १८,००० आहे आणि समोर दुसरं दुकान उघडलं. गिऱ्हाईक निम्मं झालं, तर बँक हप्ता निम्मा करेल का? हा हिशेब कर्जाच्या फॉर्मवर सही करण्याआधी, कागदावर मांडायचा असतो.

हप्त्यांचा ताण शेवटी पगारावर आला. इथे बोर्मनची खरी अडचण झाली. स्क्वाड्रनमध्ये हुकूम दिला की काम होतं. कंपनीत मेकॅनिकांची युनियन समोर बसून विचारते, "दर वेळी आम्हीच का?" (प्रश्न काही चुकीचा नव्हता.) १९८३ च्या शेवटी कर्मचाऱ्यांनी सुमारे २० टक्के पगारकपात मान्य केली, त्याबदल्यात कंपनीचे २५ टक्के शेअर्स घेतले. तरी भांडण मिटलं नाही, आणि कर्जही.

१९८६ मध्ये कंपनी टेक्सास एअरला विकायचं ठरलं, बोर्मन बाहेर पडले. १९८९ मध्ये मोठा संप आणि दिवाळखोरी, जानेवारी १९९१ मध्ये ईस्टर्न कायमची बंद. एअरबसला मात्र त्या सहा महिन्यांच्या ट्रायलने अमेरिकेचं दार उघडून दिलं होतं.