लोहकल्पांचे सांडपाणी
लोहभस्म पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कासीस मात्र सहज विरघळते. पर्यावरणाच्या दृष्टीने दोहोंस एकाच मापाने मोजणे आम्हांस उचित वाटत नाही. एक किलो हिरव्या कासीसात सुमारे २०० ग्रॅम लोह असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा १.० मि.ग्रॅ. प्रतिलिटर, तिच्यात हे लोह सामावण्यास सुमारे दोन लाख लिटर पाणी लागेल! ओढ्यात गेलेले असे लोह पाण्यातील प्राणवायू घेऊन गंजरूपाने तळाशी, माशांच्या कल्ल्यांवरही, साचते व पाणी आम्लधर्मी होते. लोहाच्या निर्वापासाठी वापरलेल्या ताक-कांजीतही आम्लामुळे लोह उतरते, याकडे आमच्या औषधशाळांत क्वचितच लक्ष जाते. हे द्रव गटारात न ओतता त्यात विझवलेला चुना घालून ढवळावे, साका बसू द्यावा आणि वरचे पाणी तपासूनच सोडावे.