रुक्मिणीचे माहेर आणि नृत्यातली नायिका

वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर (ता. तिवसा, जि. अमरावती) हे परंपरेने रुक्मिणीचे माहेर. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिने कृष्णाला धाडलेले सात श्लोकांचे पत्र आहे. भरतनाट्यम असो, कथक असो की कुचिपुडी, अभिनयाला यात केवढा वाव आहे! लिहिताना थबकणारी बोटे, निरोप घेऊन गेलेल्या ब्राह्मणाची वाट पाहणारे डोळे, अंबिकेच्या देवळाकडे निघालेली पावले. ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी, अशी अमरावतीकरांची श्रद्धा.

देवाला प्रियकर मानून आळवणे हा भरतनाट्यममधल्या अनेक 'वर्णम' रचनांचा गाभा. वऱ्हाडाला हा भाव परका नाही. लोणी टाकळीत १८८१ साली जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गमावलेले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (निधन १९१५) स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत. कुंकू-मंगळसूत्रही धारण करीत. पुरुषदेहात राहून स्त्रीभाव जगणे ही नर्तकाचीही साधना असते. नृत्य शिकणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे चरित्र वाचायलाच हवे.

नृत्यशिक्षणाची रूढ वाट म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (स्थापना १९३१) परीक्षा. प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात, पुढे अलंकार. अमरावती-अकोल्याच्या पालकांनी मात्र प्रमाणपत्रांची घाई करू नये. आधी मुलामुलींना रुक्मिणीची गोष्ट सांगावी आणि एकदा कौंडण्यपूरला घेऊन जावे.