पायाला सेन्सर, नजर छातीवर

येडशीच्या चौकात सोलापूर-धुळे महामार्गाला बार्शी-लातूर रस्ता येऊन मिळतो. रात्री-बेरात्री लेकराला धाप लागली की गाडीत बसल्या बसल्या पहिला वाद इथेच होतो: धाराशिवला वळायचं, बार्शी गाठायची की लातूर? पोचल्यावर दृश्य मात्र सगळीकडे एकच. सिस्टर बाळाच्या पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याची पट्टी गुंडाळते, मॉनिटरवर आकडे उमटतात आणि घरची मंडळी बाळाकडे पाठ करून आकड्यांकडे बघत बसतात. आता याच पट्टीची बिनवायरची भावंडं आली आहेत: पायमोज्यातला सेन्सर, छातीवर चिकटणारा पॅच, मनगटातलं कडं. त्यांच्या मागोमाग गैरसमजही आले.

‘लाल दिव्याची किरणं बाळाला बाधतात.’ नाही. या पट्टीत, म्हणजे ऑक्सिमीटरमध्ये, दोन साधे प्रकाश असतात: एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन भरलेलं रक्त आणि ऑक्सिजन कमी झालेलं रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या फरकावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्क्यांतला आकडा निघतो. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली. एक्स-रेशी तिचं काही नातं नाही. इजा झालीच तर ती घट्ट बांधल्याने किंवा पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिल्याने होते. म्हणून अधूनमधून जागा बदलावी लागते. सिस्टरला आठवण करायला संकोचू नका.

‘मॉनिटरवर 96 आलं म्हणजे 96च.’ पाय गार पडलेला असेल, बाळ लाथा झाडत असेल, मोठ्यांची क्लिप चिमुकल्या बोटाला लावली असेल, तर आकडा भरकटतो. बोटांवरची गडद मेंदीही प्रकाश अडवू शकते. एक गोष्ट आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र 92 ते 96 दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात 88च्या खाली निघाल्याचं प्रमाण गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के होतं, कृष्णवर्णीयांमध्ये 11.7 टक्के. ते रुग्ण मोठ्या वयाचे होते, हे खरं. पण त्वचेचा रंग यंत्राला चकवू शकतो, आणि आपल्याकडची लेकरं बहुतेक सावळी. आकडा आणि बाळाची अवस्था जुळत नसेल तर आधी बाळावर विश्वास ठेवावा.

‘ऑक्सिजन चांगला आहे, म्हणजे श्वास चांगला आहे.’ हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. न्यूमोनिया झालेलं मूल आधी जोरजोरात श्वास घेऊन कमतरता भरून काढतं. तोवर ऑक्सिजन 95-96 दिसू शकतो आणि घरचे निर्धास्त असतात. मूल थकलं की मग आकडा घसरतो. म्हणजे अंगठ्यावरचं यंत्र बऱ्याचदा उशिरा बोलतं. छाती आधी बोलते. छातीवरचे पॅच श्वासही मोजतात, पण बाळ रडलं, कूस वळलं की त्यांची मोजणी चुकते. लहान मुलांमध्ये सगळ्यांत मोलाची खूण श्वासाचा वेग, आणि अंगावरची यंत्रं नेमकी तिथेच कच्ची. हे विकणारे सांगत नाहीत.

आपल्या महाराष्ट्राने यावर फार पूर्वी एक उपाय शोधला होता, आणि त्याला बॅटरीही लागत नव्हती. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या कामात डॉ. अभय बंग यांनी निरक्षर सुईणींसाठी श्वास मोजायचं एक साधन बनवलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याशी पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. शंभरापर्यंत मोजता न येणाऱ्या बाया त्यावर निदान करू लागल्या.

‘अलार्म वाजला, लेकरू गेलं!’ फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातला 2015 चा अभ्यास सांगतो, की साध्या वॉर्डात वाजलेल्या अलार्मपैकी 99 टक्के वेळा काहीच करावं लागलं नाही. अतिदक्षता विभागातही 87 टक्के वेळा. पट्टी सैल झाली तरी यंत्र बोंबलतं. धोका असा, की रोजच्या बोंबेला कान सरावतात आणि खऱ्या वेळी पाय उचलत नाहीत. आवाज बंद करून झोपून जाणारे नातेवाईक आहेतच. ते मात्र करू नका.

‘दादाचं स्मार्टवॉच घालू, काम झालं.’ अ‍ॅपलच्या घड्याळातली ऑक्सिजनची सोय 18 वर्षांखालच्यांसाठी नाही, ईसीजीची 22 खालच्यांसाठी नाही. परदेशातल्या आपल्या मंडळींकडून भाच्यासाठी येणाऱ्या पायमोजांबद्दलही एक गोष्ट माहीत असावी: ‘आउलेट’च्या स्मार्ट सॉकबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये कंपनीला इशारा दिला होता, तिच्या नव्या मोज्याला मान्यता 2023 च्या अखेरीस मिळाली.

सगळीच यंत्रं फसवी नसतात. बंगळुरूत तयार झालेलं ‘बेम्पू’ कडं कमी वजनाच्या नवजात बाळाच्या मनगटात बसतं. अंग पुरेसं उबदार आहे तोवर निळा दिवा, गार पडलं की केशरी दिवा आणि आवाज. मग बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायचं. काम एकच, म्हणून जमतं.

बाकी आकडे घरच्यांनी पाठ करावेत. बाळ शांत असताना, दूध पीत किंवा रडत नसताना, अंगावरचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिन्यांपुढच्या पण वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले तर लगेच सिस्टरला सांगा. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर मिनिटही मोजत बसू नका. ‘मॉनिटरवर तर ठीक दिसतंय’ असं उत्तर आलं, तर त्यांना बाळाजवळ बोलवा आणि छाती दाखवा.