यीस्ट संसर्ग, पुरुषांतील

कँडिडा या प्रजातीतील यीस्टसदृश कवकांमुळे (बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांमुळे) शिश्नमुंडावर, अग्रत्वचेखाली किंवा जांघेच्या वळ्यांत होणारा त्वचेचा दाहयुक्त विकार. बहुसंख्य रुग्णांत तो कँडिडा आल्बिकन्स या जातीमुळे होतो. हे कवक अनेक निरोगी व्यक्तींच्या तोंडात, आतड्यात व जननेंद्रियांवर निरुपद्रवी अवस्थेत असते. ओलावा, उष्णता व शर्करा लाभल्यास किंवा प्रतिकारशक्ती घटल्यास त्याची बेसुमार वाढ होते. जोडीदाराकडून संसर्ग होऊ शकतो. तथापि लैंगिक संबंधाशिवायही तो होत असल्याने त्यावरून कोणाच्या वर्तनाविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

कारणे : सर्वांत महत्त्वाचे पूर्वकारण मधुमेह हे होय. मूत्रातील शर्करा अग्रत्वचेखाली साचून कवकाचे पोषण करते. मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनीही हा धोका वाढतो. यांशिवाय मागे न सरकणारी अग्रत्वचा, लठ्ठपणा, प्रतिजैव व स्टेरॉइड औषधे आणि एचआयव्ही संसर्ग ही कारणे आढळतात.

व्यवसायाचाही संबंध येतो. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाकाठी सोलापूर जिल्ह्याच्या माढा व करमाळा तालुक्यांतील गावांत मासेमारी आणि ऊस व केळीची बागायती शेती चालते. पाण्यात उतरून जाळी ओढणे, रात्री उसाला पाणी देणे अशा कामांत कपडे तासन्‌तास ओले राहतात. ओली त्वचा मऊ पडून घर्षणाने सोलवटते व कवकाला प्रवेश मिळतो. हाताच्या बोटांच्या बेचक्यांतही असाच संसर्ग होतो.

लक्षणे व निदान : खाज, आग, लाली, बारीक पुटकुळ्या, अग्रत्वचेखाली पांढरा दह्यासारखा थर व मूत्रविसर्जनाच्या वेळी चुरचुर ही प्रमुख लक्षणे होत. मधुमेही रुग्णांत अग्रत्वचेला चिरा पडतात व ती आकसते. जांघेतील नायट्यात वृषणाची त्वचा सहसा मोकळी राहते, तर यीस्ट संसर्गात ती पुष्कळदा लाल होते. खरवडलेल्या थरात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास मुकुलन होणाऱ्या कोशिका दिसतात. नागीण, उपदंश व कर्करोग यांतही व्रण होत असल्याने न भरणारा व्रण डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

उपचार : क्लोट्रिमॅझोल (१%) किंवा मायकोनॅझोल (२%) मलम दिवसातून दोनदा १ ते २ आठवडे लावतात. तीव्र संसर्गात डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ. एकदा पोटात देतात. जोडीदारास लक्षणे असल्यास त्याचीही चिकित्सा करतात. संकोचामुळे पुष्कळ पुरुष डॉक्टरांकडे न जाता स्टेरॉइडमिश्रित मलम विकत घेतात. त्याने खाज तात्पुरती थांबते. परंतु स्थानिक प्रतिकार दबून संसर्ग पसरतो व त्वचा पातळ होते. भारत सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

प्रतिबंध : अग्रत्वचा हळुवार मागे घेऊन भाग रोज साध्या पाण्याने धुवावा, पूर्ण टिपून कोरडा करावा व अग्रत्वचा पुन्हा पुढे आणावी. तीव्र साबण व जंतुनाशक द्रवांनी त्वचेचा दाह वाढतो. काम संपताच ओले कपडे बदलावेत. अंतर्वस्त्रे सैल व सुती असावीत आणि पूर्ण वाळवूनच वापरावीत. संसर्ग वारंवार उद्‌भवल्यास रक्तातील शर्करा तपासणे अगत्याचे आहे. तोवर लक्षात न आलेल्या मधुमेहाची ही पहिली खूण असू शकते. केवळ मलम लावून ती झाकली गेल्यास डोळे, वृक्क व पाय यांची हानी होईपर्यंत मूळ रोग अज्ञात राहण्याचा संभव असतो.