नास्तिकाला पाकीट सापडलं तर?

एका खुर्चीत रिचर्ड डॉकिन्स आणि समोरच्या खुर्चीत एखादे आर्चबिशप, असा जाहीर वाद तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. विश्व कुठून आलं, डोळ्यासारखा अवयव आपोआप कसा घडेल, येशू मेलेल्यांतून उठला याला पुरावा काय. दीड-दोन तास हे चालतं आणि दोघांचेही पाठीराखे आपलाच माणूस जिंकला असं म्हणत घरी जातात. हे पाहून कुणालाही वाटेल की ख्रिश्चन आणि नास्तिक यांचं भांडण देव आहे की नाही यावरून आहे.

गेल्या वीसेक वर्षांत अमेरिका आणि कॅनडात या वैरावर बरंच संशोधन झालंय. ते वाचल्यावर माझं मत असं झालंय की देवाचं अस्तित्व हा या भांडणातला दर्शनी मुद्दा आहे. आतले प्रश्न वेगळे आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे वेगवेगळे आहेत. ख्रिश्चन माणूस नास्तिकाकडे बघून मनात विचारतो, 'याच्यावर भरवसा ठेवता येईल का?' नास्तिक ख्रिश्चनाकडे बघून विचारतो, 'याचं डोकं ठिकाणावर आहे का?' आता एकाला शंका नियतीची आणि दुसऱ्याला बुद्धीची, म्हटल्यावर दोन तास काय, दोनशे वर्षं बोलले तरी उत्तरं जुळायची नाहीत.

आधी पहिली शंका.

२००६ मध्ये पेनी एजेल आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००३ साली त्यांनी अमेरिकेतल्या दोन हजारांहून जास्त घरांत फोन करून विचारलं होतं, की तुमच्या मुलाने किंवा मुलीने अमुक गटातल्या व्यक्तीशी लग्न करायचं ठरवलं तर तुम्हाला चालेल का? नास्तिक जोडीदार चालणार नाही म्हणणारे होते ४७.६ टक्के. मुस्लिम चालणार नाही म्हणणारे ३३.५ टक्के. लक्षात घ्या, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तरीही नापसंतीच्या यादीत नास्तिक सगळ्यांत वर. मग त्यांनी काही लोकांशी सविस्तर बोलून पाहिलं, की 'नास्तिक' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तरी काय? काहींना दिसत होता व्यसनी, गुन्हेगार, धरबंध नसलेला माणूस. काहींना दिसत होता श्रीमंत, आढ्यताखोर, पैशापलीकडे काही न मानणारा माणूस. एकाच शब्दात दोन टोकांची माणसं कशी मावतात? त्यांच्यात समान एवढंच, की दोघांनाही इतरांचं काही देणंघेणं नाही.

पण फोनवर लोक खरं बोलतातच असं नाही. 'अमुक लोक मला आवडत नाहीत' हे सरळ सांगायला संकोच वाटतो. म्हणून २०११ मध्ये विल जर्व्हे, अझीम शरीफ आणि आरा नोरेंझायन या तिघांनी वेगळी युक्ती वापरली. ती मला फार आवडते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

तुम्हाला एक छोटी गोष्ट वाचायला देतात. एक माणूस गाडी मागे घेताना उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला ठोकतो. नाव-पत्ता न ठेवता निघून जातो. पुढे त्याला रस्त्यात एक पाकीट सापडतं. आजूबाजूला कुणी नाही. तो पैसे काढून घेतो आणि पाकीट कचऱ्यात टाकतो. आता प्रश्न: काय जास्त संभवतं? हा माणूस शिक्षक आहे, की हा माणूस शिक्षक आहे आणि नास्तिक आहे?

बारावीचं गणित आठवत असेल तर उत्तर सोपं आहे. 'शिक्षक' या गटात 'नास्तिक शिक्षक' हा छोटा गट येतोच, त्यामुळे दुसरी शक्यता पहिलीपेक्षा जास्त असूच शकत नाही. पण वर्णन आणि शिक्का एकमेकांत फिट्ट बसले की आपलं मन गणित विसरतं. ही चूक टव्हर्स्की आणि कानमन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिली होती. जर्व्हे मंडळींनी तिचाच मोजपट्टीसारखा वापर केला. काही जणांना 'नास्तिक'च्या जागी 'ख्रिश्चन' दिलं, काहींना 'मुस्लिम', काहींना 'बलात्कारी'. कुठल्या शब्दाला लोक जास्त चुकतात ते मोजायचं, बस्स. कुणालाही थेट 'तुम्हाला नास्तिक आवडतात का' असं विचारायची गरजच नाही.

ख्रिश्चन आणि मुस्लिम या शब्दांना चूक कमी झाली. नास्तिक या शब्दाला खूप झाली, इतकी की बलात्कारी या शब्दाशी तुलना केली तर संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक उरला नाही.

हा निष्कर्ष 'लोक नास्तिकांना बलात्काऱ्यांसारखे समजतात' अशा भडक मथळ्यांनी गाजला. ते बरोबर नाही. प्रयोगाने एवढंच मोजलं, की बेइमानीच्या वर्णनाशी मनात कोणता शब्द पटकन जोडला जातो. गोष्टीतला माणूस बेइमान नसून नुसताच किळसवाणा असेल, तर ती जोडणी दिसली नाही. म्हणजे प्रश्न घृणेचा नाही, भरवशाचा आहे. त्याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात उमेदवार निवडायचे होते. पाळणाघरात मुलं सांभाळायला नास्तिक नको होता. हॉटेलात वेटर म्हणून चालत होता.

हे नवीन नाही. धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडणारं जॉन लॉकचं प्रसिद्ध पत्र १६८९ मध्ये छापून आलं, आणि त्यातच त्याने नास्तिकांना मात्र वगळलं. कारण काय, तर देव न मानणाऱ्याला शपथ आणि वचन बांधून ठेवू शकत नाहीत. त्या काळी करार, साक्ष, पद, सगळं शपथेवर चालायचं, आणि शपथ मोडली तर शिक्षा करणारा वर बसलेला. ज्याला वरचा मान्य नाही, त्याचा जामीन कोण? तर्क क्रूर आहे, पण वेडगळ नाही. नोरेंझायन यांचं आजचं स्पष्टीकरण थोड्याफार फरकाने हेच सांगतं: अनोळखी माणसांच्या मोठ्या समाजात 'देव बघतोय' ही भावना म्हणजे एकमेकांची हमी होती. आस्तिकाला नास्तिक बेभरवशाचा वाटतो, कारण त्याच्यावर कुणाची नजर नाही असं वाटतं.

चार्ल्स ब्रॅडलॉ या ब्रिटिश नास्तिकाने याची किंमत मोजली. १८८० मध्ये तो नॉर्थॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आला. देवाची शपथ घेण्याऐवजी नुसतं प्रतिज्ञेवर भागवू द्या म्हणाला, तर नाही म्हणाले. बरं, शपथ घेतो म्हणाला, तर तुझ्या शपथेला अर्थच नाही म्हणाले. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले आणि सभागृह त्याला बाहेर ठेवत राहिलं. १८८६ मध्ये एकदाचा आत बसायला मिळालं, आणि १८८८ मध्ये त्याच्याच प्रयत्नाने देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करायचा कायदा झाला. हा ब्रॅडलॉ आपल्याला अगदीच परका नाही. हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटमध्ये मांडणारा म्हणून त्याचं नाव होतं आणि १८८९ च्या मुंबई काँग्रेसला तो स्वतः हजर होता.

१८९१ मध्ये तो गेला तेव्हा लंडनमध्ये शिकणारे गांधीजी त्याच्या अंत्यविधीला गेले होते. आत्मकथेत त्यांनी परतीच्या वाटेवरचा एक प्रसंग सांगितलाय. स्टेशनवर गर्दीतल्या एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठलं. पृथ्वीचा घेर एवढे एवढे मैल आहे हे तुम्हाला मान्य आहे ना, मग तुमचा देव केवढा आणि तो राहतो कुठे ते सांगा. पाद्री म्हणाला, तो आपल्या दोघांच्याही हृदयात राहतो. त्यावर त्या गड्याने मला लहान मूल समजू नका असं सुनावलं आणि विजयी मुद्रेने आसपासच्यांकडे पाहिलं. पाद्री गप्प. गांधीजी लिहितात, या संवादाने नास्तिकतेबद्दलची त्यांची नावड आणखी वाढली.

मला यात सगळ्यांत बोलकी वाटते ती विजयी मुद्रा. तो पाद्री एका नास्तिकाच्या अंत्यविधीला आला होता! त्या गड्याला हे दिसलं नाही, कारण त्याच्या डोक्यात प्रश्न एकच होता: समोरचा हुशार आहे की भोळसट?

इथे दुसरी शंका सुरू होते, आणि तिचेही घाव खरे असतात. २०१५ मध्ये किंबर्ली रिओस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही प्रयोग केले. 'ख्रिश्चन लोक विज्ञानात कच्चे असतात' हा समज ख्रिश्चन विद्यार्थ्यांना जाणवून दिला, तर वैज्ञानिक तर्काची म्हणून दिलेली परीक्षा त्यांना खरोखरच कमी जमली आणि विज्ञान आपलं नाही असंही वाटू लागलं. तो समज बाजूला केला की फरक नाहीसा झाला. म्हणजे टोमणा नुसता टोचत नाही, तो स्वतःला खरं करून दाखवतो. २०२० मध्ये एलिझाबेथ बार्न्स आणि सहकाऱ्यांनी जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना पीएचडीसाठी आलेले बनावट अर्ज तपासायला दिले. उमेदवार ख्रिश्चन असून धर्मप्रचाराची इच्छा असलेला असेल तर त्याचे गुण घसरले. नुसताच ख्रिश्चन असेल तर असा भेदभाव ठळक दिसला नाही. विद्यार्थ्यांना वाटणारी भीती मात्र सरसकट होती.

आणि हा समज टिकतो कशावर? बऱ्याच नास्तिकांच्या डोक्यातला ख्रिश्चन म्हणजे पृथ्वी सहा हजार वर्षांची मानणारा अमेरिकन प्रचारक. प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं गणित १९२७ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता आणि आपण ज्याचे वाटाणे दहावीत पाठ करतो तो मेंडेल मठात राहायचा, हे त्यांना माहीत असतं, पण नेमक्या वेळी आठवत नाही.

इथे आमच्या संशोधन क्षेत्राचीही एक फजिती सांगायला हवी. २०१२ मध्ये जर्व्हे आणि नोरेंझायन यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं होतं की रोदँचा 'विचारवंत' हा पुतळा नुसता पाहिला तरी लोकांची देवावरची श्रद्धा कमी होते, कारण विश्लेषक विचार जागा होतो. नास्तिक मंडळी खूश. मूळ प्रयोगात शंभरसुद्धा माणसं नव्हती. २०१७ मध्ये दुसऱ्या गटाने चारशेहून जास्त माणसांवर तोच प्रयोग केला आणि परिणाम शून्य. जर्व्हे यांनी तो निकाल जाहीरपणे स्वीकारला. पण 'बुद्धी वाढली की देव कमी होतो' हे वाक्य अजून गप्पांमध्ये फिरतंच आहे.

आमच्या मजल्यावर वसईची एक मुलगी पीएचडी करते. रविवारी मिस्साला जाते. 'बायोलॉजी करतेस आणि चर्चला पण जातेस?' हा प्रश्न मी तिला विचारला जाताना किमान तीनदा ऐकलाय. विचारणाऱ्यांपैकी एकाने दसऱ्याला सेंट्रिफ्यूजला झेंडूची माळ घातली होती. त्याला कुणी काही विचारलं नाही.

आपल्याकडे हा गुंता आणखी वाढतो, कारण 'नास्तिक' हा शब्दच दुसऱ्या घरातून आलाय. आपल्या परंपरेत नास्तिक म्हणजे मुळात वेदांचं प्रामाण्य न मानणारा. म्हणून जैन आणि बौद्ध नास्तिक ठरले, आणि ईश्वराची गरज नसलेलं सांख्य दर्शन आस्तिक राहिलं. अमेरिकन ख्रिश्चन 'नास्तिक' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ग्रंथाचा नाही, तर न्याय करणाऱ्या एका व्यक्तिरूप देवाचा नकार असतो. त्यामुळे तिकडची आकडेवारी जशीच्या तशी इकडे लावू नये.

पण शब्द वेगळा असला तरी शंका वेगळी नाही. २०१७ मध्ये जर्व्हे आणि सहकाऱ्यांनी पाकिटाच्या गोष्टीऐवजी एका क्रूर खुन्याची गोष्ट घेऊन १३ देशांत, ३,२५६ लोकांवर हा प्रयोग केला. भारतही त्यात होता. एकूण निकाल असा, की खुनी 'आस्तिक शिक्षक' असेल असं म्हणण्यापेक्षा 'नास्तिक शिक्षक' असेल असं म्हणण्याची चूक जवळपास दुप्पट झाली. आणि ही चूक नास्तिकांनीही केली! देव सोडला, पण देवाशिवाय माणूस घसरतो हा समज सुटला नाही. आगरकरांबद्दल बोलताना आपण किती सहज म्हणतो, 'देव न मानणारा देवमाणूस'. म्हणतो कौतुकानेच. पण त्या कौतुकात एक 'असूनही' लपलेला आहे.

हा अविश्वास कमी होतो का? २०१२ च्या आणखी एका अभ्यासात व्हँकुव्हरच्या काही लोकांना पोलिसांच्या कामगिरीचा व्हिडिओ दाखवला, बाकीच्यांना पर्यटनाचा. पोलिसांचा पाहिलेल्या आस्तिकांचा नास्तिकांवरचा अविश्वास कमी भरला. देवावरची श्रद्धा कमी करावी लागली नाही, नास्तिकाने चांगुलपणा सिद्धही करावा लागला नाही. नजर ठेवणारं दुसरं कुणीतरी आहे एवढं आठवलं, पुरे झालं. पुतळ्याच्या प्रयोगानंतर अशा निकालांकडे मी जरा जपूनच बघतो. तरी १३ देशांच्या यादीत हा पूर्वग्रह ठामपणे न दिसलेले दोनच देश होते, फिनलंड आणि न्यूझीलंड. सरकार आणि कोर्टकचेऱ्या बऱ्यापैकी नीट चालतात अशी या दोन्ही देशांची ख्याती आहे.